फ्रेंच आम्लेट आपल्या चुलीवर

वारंगा फाटा म्हटले की आधी खिचडी आठवते. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तिथे एस. टी. थांबते, मालमोटारी थांबतात, बाजाराला आणि दवाखान्याला निघालेली माणसे थांबतात, आणि गरम खिचडी पोटात घालून पुढच्या वाटेला लागतात. खिचडीत असते काय? डाळ, तांदूळ, हळद, मीठ. हे तर घरोघरी असते. तरीही माणूस म्हणतो, "फाट्यावरची खिचडी खाऊनच जाऊ." साधी वस्तू रोज नीट केली की तिचे नाव गावोगावी पोचते.

असेच एक ठिकाण फ्रान्स देशात आहे. नॉर्मंडी नावाच्या प्रांतात समुद्रात एक खडक आहे आणि त्यावर फार जुना मठ आहे. त्या जागेला मों सँ मिशेल म्हणतात. भरतीचे पाणी चढले की खडकाला चहूबाजूंनी वेढा पडतो. आपले वारकरी पंढरीला जातात, तसे तिकडचे यात्रेकरू पिढ्यान् पिढ्या तिथे जात आले. तिथे आनेत पूलार नावाच्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने १८८८ साली एक खाणावळ काढली. यात्रेकरू कोणत्या वेळी येतील याचा नेम नसे. आलेला माणूस थकलेला आणि भुकेला. त्याला तासभर ताटकळत ठेवायचे कसे? बाईने युक्ती काढली. माणूस टेकला की लाकडाच्या जाळावर लांब दांड्याचा तवा ठेवायचा, अंडी फेटायची आणि बघता बघता आम्लेट त्याच्या पुढ्यात. या एका पदार्थावर तिचे नाव साऱ्या फ्रान्सात झाले. १९३१ साली ती वारली, पण तिच्या नावाची खाणावळ पुढेही चालू राहिली.

लोक तिला विचारीत, "बाई, तुमच्या आम्लेटचे रहस्य काय?" तिने जे सांगितले ते अगदी सरळ होते. चांगली अंडी फोडायची, नीट फेटायची, तव्यात चांगले लोणी टाकायचे, अंडी ओतायची आणि तवा सारखा हलवत राहायचे. एवढेच!

मंडळी, यातली कोणती वस्तू आपल्या घरी नाही? अंडी आपल्या खुराड्यात आहेत. लोणी आपल्या ताकाच्या डेऱ्यात आहे. लाकडाचा जाळ आहे आणि बिडाचा तवाही आहे. म्हणून हा साधा फ्रेंच पदार्थ या वेळी आपल्या चुलीवर करून पाहू.

आम्लेट आले कुठून?

आम्लेट हा शब्दच मुळी फ्रेंच आहे. पातळ पत्रा किंवा पाते अशा अर्थाच्या जुन्या शब्दापासून तो घडत गेला. अंड्याचा पातळ पापुद्रा, म्हणून आम्लेट. १६५१ साली फ्रान्सात ला व्हारेन नावाच्या आचाऱ्याचे पाककृतींचे पुस्तक छापले गेले. त्यातही आम्लेटच्या कृती आहेत. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातही तिकडच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ चांगला रुळलेला होता.

फ्रेंच माणूस आपल्या मुलखाला नवखा नाही. १७९५ साली खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, तेव्हा निजामाच्या कवायती फौजेचा सरदार रेमों हा फ्रेंच होता. हैदराबादेतील मुसारामबाग या वस्तीचे नाव त्याच्यावरूनच पडले. आपला मराठवाडा १९४८ सालापर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी ही नावे असत. आम्लेट मात्र आपल्याकडे इंग्रजांच्या मागून आले. डाकबंगल्यातले खानसामे, रेल्वेची उपाहारगृहे आणि मुंबईची इराणी हॉटेले यांनी ते लोकांच्या ओळखीचे केले.

इकडे आल्यावर त्याने आपला पोशाख घातला. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि हळद घालून आपण ते खमंग, लालसर भाजू लागलो. पारशी लोकांनी त्याचा पोरो केला. गोव्यात त्यावर झणझणीत रस ओतून रस-आम्लेट झाले. हे सगळे चवदारच आहे. पण मूळ फ्रेंच आम्लेटची गोडी वेगळी. ते वरून गुळगुळीत, फिकट पिवळे असते. कुठेही करपलेला डाग नसतो. आतून ते सायीसारखे मऊ असते. कांदा-मिरचीच्या तिखटाखाली अंड्याची जी मूळ चव झाकली जाते, ती इथे कळते. तिखट न खाणाऱ्या लहान लेकरांना, दात गेलेल्या आजी-आजोबांना आणि तापातून उठलेल्या माणसाला ते सोसते.

लोणी आपलेच बरे

शहरातल्या माणसाला फ्रेंच आम्लेट करायचे तर दुकानातून खारट लोण्याची वडी आणावी लागते. आपल्याला तशी गरज नाही. फ्रान्सात जुन्या चालीने लोणी करतात ते विरजलेल्या सायीचे. आपणही साय विरजतो, घुसळतो आणि लोण्याचा गोळा काढतो. दोन्हींना तीच किंचित आंबूस, सुवासिक चव असते. तेव्हा म्हशीच्या किंवा गाईच्या ताज्या लोण्याच्या बाबतीत खेड्यातली गृहिणी शहरातल्या बाईपेक्षा पुढेच आहे.

तूप का नको? तूप वाईट नाही, पण लोण्यात थोडे पाणी असते आणि तेच आपल्याला तव्याची खबर देते. लोणी तापले की फेस येतो आणि चुरचुर असा आवाज होतो. पाणी उडून जाते तसा आवाज मंदावतो आणि फेस बसतो. तीच अंडे ओतायची वेळ. त्यापुढे लोण्याचा रंग तांबूस झाला तर तवा फार तापला असे समजावे. घड्याळ नको, मोजमाप नको. लोण्याचा आवाज ऐकला की पुरे.

तवा कोणता?

भाकरीचा तवा यासाठी घेऊ नये. त्यावर पीठ बसलेले असते, अंडे चिकटते. शिवाय पुढच्या भाकरीला अंड्याचा वास लागला तर घरात कटकट होते. एक लहान, किंचित खोलगट, बिडाचा किंवा लोखंडी तवा यासाठी वेगळा ठेवावा. ज्यांच्या घरी सासूबाई स्वयंपाकघरात अंडे शिरू देत नाहीत, त्यांनाही हा वेगळा तवा उपयोगी पडेल. अंगणातल्या चुलीवर किंवा तीन दगड मांडून काम भागते.

नवा तवा आधी घासून, धुऊन, वाळवून घ्यावा. त्यावर तेलाचा हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा आणि थंड झाल्यावर पुसावा. असे तीन-चार वेळा केले की त्याला काळी, तुकतुकीत झिलई येते. मग अंडे चिकटत नाही. पुढे त्याला राख किंवा साबण लावू नये. वापर झाला की गरम असतानाच फडक्याने पुसावा आणि तेलाचे बोट फिरवून ठेवावा.

अंडे पारखून घ्या

तांब्याभर पाण्यात अंडे सोडावे. तळाशी आडवे पडले तर ताजे. तळाशीच पण उभे राहिले तर जुने, ते कडक उकडून खावे. वर तरंगले तर फेकून द्यावे. कवचातून ओल उडून जाते आणि आत हवेची जागा वाढते, म्हणून जुने अंडे तरंगते.

गावरान कोंबड्यांत कोंबडा मोकळा फिरत असतो, त्यामुळे अंडी फळलेली असतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशा अंड्यात उष्णतेने पिल्लाची वाढ सुरू होते आणि अंडे लवकर बिघडते. म्हणून उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंडी गोळा करावीत आणि थंड जागी ठेवावीत. पाण्याच्या माठाखालची ओलसर वाळू असते, तिच्याजवळ टोपली ठेवली तरी चालते. दोन-तीन दिवसांत ती खाऊन किंवा विकून संपवावीत. अंडी आधीच धुऊन ठेवू नयेत. कवचावर निसर्गाने दिलेला पातळ थर असतो, तो धुतल्याने जातो आणि रोगजंतूंना वाट मिळते. फोडण्यापूर्वी मात्र जरूर धुवावीत.

साहित्य (एका माणसासाठी)

पोल्ट्रीची दोन अंडी, किंवा गावरान असतील तर तीन. गावरान अंडे लहान असते. सुपारीएवढे लोणी. चिमूटभर मीठ. आवडत असल्यास थोडी मिरपूड आणि बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा कांद्याची कोवळी पात.

फ्रान्सात यात चार प्रकारची सुवासिक पाने बारीक चिरून घालतात. ती आपल्याकडे मिळत नाहीत म्हणून अडायचे कारण नाही. कोथिंबीर आहे, पातीचा कांदा आहे, शेपूची कोवळी पाने आहेत. हळद आपल्या वसमत भागाचे वैभव खरे, पण पहिल्या खेपेला ती घालू नये. बलकाचा स्वतःचा रंग पुरतो.

कृती

१. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून वास घ्यावा, मग भांड्यात ओतावे. एक नासके निघाले तर बाकीची वाया जात नाहीत.

२. मीठ घालून काट्याने किंवा दोन काड्या एकत्र धरून वीस-पंचवीस वेळा फेटावे. पांढऱ्या भागाचे धागे दिसेनासे झाले की थांबावे. फेस काढायचा नाही.

३. तवा मध्यम आचेवर ठेवावा. चूल असेल तर मोठी लाकडे मागे ओढून बेताचा जाळ ठेवावा. लोणी टाकून तवा फिरवावा, म्हणजे ते सगळीकडे लागते.

४. फेस बसला आणि आवाज मंदावला की अंडे एकदम ओतावे.

५. आता हात थांबवायचा नाही. एका हाताने तवा मागेपुढे हलवावा. दुसऱ्या हाताने लाकडी उलथन्याने अंडे भराभर ढवळावे आणि कडेचे मध्ये आणावे. वीस-तीस सेकंदांत ओल्या खव्यासारखे मऊ गोळे दिसू लागतात.

६. ढवळणे थांबवून ते तव्यावर सारखे पसरावे. कोथिंबीर भुरभुरावी. तवा आचेवरून खाली घ्यावा.

७. आपल्याकडची कड उचलून मधोमध दुमडावी. समोरची कड तिच्यावर आणावी. तवा ताटलीवर पालथा करावा, म्हणजे जोड खाली जाऊन गुळगुळीत बाजू वर येते. वरून लोण्याचे बोट फिरवावे.

पहिल्या खेपेला घडी मोडेल. त्याने काही बिघडत नाही, चव तीच राहते. तिसऱ्या-चौथ्या आम्लेटला हात बसतो. सहा माणसांचे एकदम करू नये, एकेकाचे करावे. एकाला मिनिट-दीड मिनिट लागते, तेव्हा कोणी उपाशी राहत नाही.

कांदा हवाच असेल तर तो कच्चा अंड्यात कालवू नये. त्याला पाणी सुटते आणि आम्लेट फाटते. आधी लोण्यावर मऊ परतून घ्यावा आणि घडीच्या आत ठेवावा. उकडलेला बटाटा, परतलेली मेथी किंवा आदल्या रात्रीची कोरडी भाजीही अशीच घडीत जाते.

पूलारबाईच्या घरच्या पद्धतीचे फुगीर आम्लेट करायचे असेल तर उलट करावे. अंडी चांगला फेस येईपर्यंत खूप फेटावीत, तव्यात ओतून मंद आचेवर झाकण ठेवावे आणि ढवळू नये. अंडे फुगून वर येते. मग अर्धी घडी घालून लगेच खावे, कारण थोड्या वेळाने ते खाली बसते.

एक सावधगिरी

सासूबाई हे आम्लेट पाहून म्हणतील, "अगं, हे आतून कच्चंच राहिलं की!" त्यांचे म्हणणे झटकून टाकू नका. फ्रेंच लोक ते आतून ओलसर ठेवतात, पण अर्धकच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचे जंतू पोटात जाऊन जुलाब, ओकाऱ्या आणि ताप येऊ शकतो. उन्हाळ्यात अंडी बाहेर राहिलेली असतील तर धोका अधिक. म्हणून गरोदर बाई, लहान मूल, म्हातारे माणूस आणि आजारी माणूस यांच्यासाठी घडी घातल्यावर तव्यावर झाकण ठेवावे आणि नुसत्या निखाऱ्यावर मिनिटभर वाफ द्यावी. आत पातळ काही राहता कामा नये. मंद आचेवर शिजल्याने ते मऊच राहते, फक्त वाहत नाही. आपल्या घरी सर्वांसाठीच असे करावे हे उत्तम.

अंडे कोणाच्या ताटात?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कोंबड्या पाळते कोण? घरची बाई. दाणे टाकते, रात्री खुराडे झाकते, मुंगसापासून आणि मांजरापासून जपते. अंडी जातात कुठे? बरीचशी बाजाराला. त्या पैशात मीठ-मिरची येते, वही-पेन येते. ते चुकीचे आहे असे कोण म्हणेल? पण पुढे काय होते पाहा. तेच अंडे फाट्यावरच्या गाड्यावर जाते. घरचा कर्ता पुरुष संध्याकाळी तिथे आम्लेट खाऊन येतो. घरी सून आणि नात भाकरी आणि ठेच्यावर भागवतात, आणि लेकराच्या हातात दुकानच्या कुरकुरीत खाऊची पुडी असते. कोंबडी ज्यांनी पाळली त्यांच्याच ताटात अंडे नाही!

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. इथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. अंडे हे रक्त वाढवण्याचे औषध नव्हे. त्यातले लोह अंगी फारसे लागत नाही. त्यासाठी पालेभाज्या, डाळी, जेवणात लिंबू आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण एका मध्यम अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे मिळतात. रक्ताच्या घडणीला लागणारे बी-१२ हे जीवनसत्त्वही मिळते, आणि ते भाकरी-भाजीत जवळजवळ नसते. 'क' जीवनसत्त्व अंड्यात मुळीच नाही, म्हणून आम्लेटबरोबर लिंबाची फोड किंवा पेरूची फोड घ्यावी.

महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. न खाणाऱ्या मुलांना केळी किंवा दुसरे फळ होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी सरकारी पैसा देणे बंद करून लोकसहभागातून खर्च करण्यास सांगितले गेले. तेव्हा लेकराच्या पोटातले अंडे ही आता मुख्यतः घरच्या माणसांचीच जबाबदारी झाली आहे.

हिशेब करून पाहा

मोकळी फिरणारी गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. पाच कोंबड्यांची अडीचशे-तीनशे, म्हणजे आठवड्याला पाच-सहा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेली वनराजा ही जात परसात पाळली तर वर्षाला शंभराच्या घरात अंडी देते. अशा पाच कोंबड्या असल्या तर आठवड्याला नऊ-दहा. पाच माणसांच्या घरात माणशी आठवड्याला जवळजवळ दोन अंडी झाली. भारतात २०२३-२४ साली जेवढी अंडी निघाली ती सर्वांना सारखी वाटली, तर माणशी वर्षाला १०३ येतात. तोही हिशेब आठवड्याला दोनचाच. पण अंडी सारखी वाटली जात नाहीत, आणि घरातही तसेच होते.

सुधारित जातीची पिल्ले, त्यांच्या लसी आणि खाद्य यांची माहिती कृषि विज्ञान केंद्रात विचारावी. आपल्या कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला असे केंद्र आहे. फाट्यावर बाजाराला जाणाऱ्या भगिनींना ते लांब नाही. परभणीच्या कृषि विद्यापीठातही विचारणा करता येते.

यावर एक सोपा नियम सुचवावासा वाटतो. बाजाराची टोपली भरण्यापूर्वी घरची अंडी आधी बाजूला काढावीत. आधी गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईचे, मग वाढत्या मुलींचे आणि मुलांचे, मग म्हाताऱ्यांचे. उरतील ती बाजाराला. दोन-चार रुपये कमी येतील, पण दवाखान्याची एक फेरी वाचली तरी ते भरून निघतील.

आपला हिंगोली जिल्हा नर्सीच्या नामदेव महाराजांचा. इथे अनेक घरांत गळ्यात माळ आहे आणि अंडे वर्ज्य आहे. त्यांनी आपला नेम मोडावा असे कोणी म्हणत नाही. त्यांच्यासाठी दूध, दही, डाळी, शेंगदाणे आहेतच. लोण्यावर परतलेले पनीर त्याच तव्यावर होते. वाटणीचा नियम मात्र त्यांच्याही घरी तोच असावा. दुधाचा शेवटचा पेला सुनेला, असे होऊ नये.

पुरुष मंडळींनाही एक विनंती. हे आम्लेट करायला दीड मिनिट लागते आणि भाकरी थापण्याइतके कसबही लागत नाही. फ्रान्सात तरुण आचाऱ्याचा हात पाहायचा तर त्याला आम्लेट करायला लावतात म्हणे. आपणही एखाद्या रविवारी सकाळी तवा हाती घ्यावा. पहिले आम्लेट आईला, दुसरे बायकोला, तिसरे लेकीला वाढावे आणि आपले शेवटी करून घ्यावे. जवारीच्या गरम भाकरीबरोबर ते फार छान लागते. खिचडीबरोबर तर विचारूच नका.